पंखा चालू होता की बंद

बारक्याला बघितल्यावर कुणालाही वाटावं, की हे नाव ठेवणाऱ्याने डोळे मिटून ठेवलं असणार. तसं नव्हतं. नाव पडलं तेव्हा तो खरोखरच बारका होता. पुढे नाव तिथेच राहिलं आणि तो वाढत गेला. आता चाळिशी ओलांडलेला हा गृहस्थ लिफ्टमध्ये शिरला, की आतली माणसं आपोआप पोट आत ओढतात आणि किती जणांना परवानगी आहे ते सांगणाऱ्या पाटीकडे हळूच बघतात. गंमत अशी, की लिफ्ट दुरुस्त करणं हाच बारक्याचा धंदा.

हा धंदा एकट्याचा नाही. एक माणूस इमारतीच्या डोक्यावर, मशीनरूममध्ये. तिथे मोटर, ब्रेक आणि सगळी बटणं. दुसरा खाली शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्टच्या उभ्या विहिरीत, कधी गाडीच्या टपावर, कधी तळाच्या खड्ड्यात. लिफ्टच्या डब्याला या लोकांत गाडी म्हणतात. वरच्याने भलत्या वेळी बटण दाबलं तर खालच्याचं काय होईल, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. बारक्या खड्ड्यात मावत नसल्यामुळे तो कायम वर. खाली असायचे दाजी, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. अंगाने काठी. जिथे मांजरसुद्धा दोनदा विचार करून शिरेल, तिथे दाजी हातात पाना घेऊन शीळ घालत शिरायचे.

दोघांना काम शिकवणाऱ्या उस्तादांनी एकच मंत्र दिला होता: ऐकलंस ते परत म्हण, मग हात लाव. खालून दाजी ओरडणार, ‘गाडी वर घे.’ वरून बारक्या ओरडणार, ‘गाडी वर घे.’ दाजी म्हणणार, ‘बरोबर.’ हे ‘बरोबर’ कानावर पडेपर्यंत बारक्याचं बोटसुद्धा हलायचं नाही. कंपनीने बोलायची यंत्रं दिली होती, पण शाफ्टमध्ये त्यांतून फक्त खरखर यायची. तेव्हा घसा बरा. मशीनरूमच्या जमिनीत दोर जायला भोकं असतात. त्यांतून आवाज खाली-वर छान जातो.

सवय हाडीमाशी इतकी मुरली, की ती घरापर्यंत आली. बारक्या ताईच्याच घराच्या माडीवर राहायचा आणि जेवायला खाली यायचा. ताई म्हणायची, “येताना दूध आण.”

बारक्या म्हणायचा, “येताना दूध आण.”

आतल्या खोलीतून दाजी म्हणायचे, “बरोबर.”

“या घरात मी एकदा बोलले की तीनदा ऐकू येतं,” ताई म्हणायची, “आणि दूध तरीही येत नाही.”

आता ही जोडी जमली कशी, ते सांगायला हवं. ताईचं लग्न झालं तेव्हा बारक्या विशीत होता, बेकार होता आणि दाजींवर मनातून खार खाऊन होता. आई-वडील दोघंही लवकर गेलेले. घरात त्याच्याशी बोलणारं एकच माणूस, आणि तेच या काठीने पळवलं. दाजी घरी आले की हा भिंतीकडे बघत बसायचा. दाजीही मुळात मितभाषी, तेही दुसऱ्या भिंतीकडे बघायचे. एका सुट्टीच्या दिवशी ताईने दोघांच्या हातात सिनेमाची तिकिटं कोंबली. “जा. आणि काहीतरी बोलल्याशिवाय परत येऊ नका.”

सिनेमा होता ‘वादळवीर’, भाग पहिला. हवामान खात्यातला एक भित्रा कारकून वादळात सापडतो आणि वारा त्याच्या हुकमात येतो. मग टोप, अंगरखा, छपरांवरून उड्या, नेहमीचं सगळं. दोघं तोंडं पाडून आत गेले. बाहेर आल्यावर दाजी स्वतःशीच पुटपुटले, “एवढ्या वाऱ्यात त्याचा टोप कसा उडत नाही?”

“हनुवटीखाली पट्टा आहे,” बारक्या भिंतीकडे न बघता म्हणाला. “दुसऱ्या मारामारीत दिसतो. बक्कल डावीकडे.”

दाजींनी मेहुण्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. ज्याला एवढ्या धुमाळीत बक्कल दिसतं त्याला मशीन कळेल, असा त्यांनी हिशेब केला आणि त्याला उस्तादांकडे नेऊन उभं केलं. बारक्याला नोकरी, जोडीदार आणि दाजी हे तिन्ही एका सिनेमाने दिले. अशा सिनेमाबद्दल माणूस तटस्थ कसा राहणार?

काही वर्षांनी दुसरा भाग आला आणि वादळवीराला बर्फाच्या कड्यावर लटकता ठेवून संपला. त्यानंतर तिसऱ्या भागाची वाट बघणं हा दोघांचा जोडधंदा झाला. दोरांना तेल देताना, ब्रेक घासताना, डबा खाताना एकच विषय. तो कड्यावरून सुटणार कसा? त्याच्या आईला खरं कधी कळणार? मधे दोघांचे केस पांढरे व्हायला लागले, दाजींना चष्मा लागला, बारक्याची दोनदा ठरता ठरता सोयरीक मोडली. पण तिसरा भाग यायचा बाकी आहे म्हटल्यावर बारक्याला सगळंच अजून बाकी आहे असं वाटायचं.

आणि एकदाचा तो आला.

शेवट असा होता. शहरावर चालून आलेलं वादळ वादळवीर अंगावर घेतो आणि त्याच्यासकट ढगांत वर वर जातो. सगळं शांत होतं. आकाशातून त्याचा रिकामा टोप खाली पडतो. मग त्याच्या आईची खोली. म्हातारी खुर्चीत बसलेली. खिडकी बंद. छताला पंखा. आणि खिडकीवरचा पडदा हलकेच हलतो. म्हातारी हसते. अंधार.

पडद्यावर नावं सुरू झाली आणि बारक्या डोळे पुसत म्हणाला, “जगला.”

“मेला,” दाजी म्हणाले.

दोघं तिथेच उभे राहिले. मागच्या रांगेतल्यांनी ‘बसा नाहीतर जा’ म्हटल्यावर ते भांडत बाहेर पडले.

“पडदा कुणी हलवला मग?” बारक्याने जिन्यातच विचारलं.

“पंख्याने.”

“पंखा बंद होता. तिन्ही पाती वेगवेगळी दिसत होती.”

“अरे, कॅमेरा काय आपल्यासारखा सलग बघतो का? तो तुकड्या-तुकड्यांनी बघतो. पंख्याचा वेग त्या तुकड्यांशी जुळला, की फिरणारा पंखासुद्धा थांबलेला दिसतो. मोटरचं काम करतोस आणि एवढं माहीत नाही?”

“बरं, पंखा चालू होता. मग म्हातारीची बट का नाही हलली?”

“तेल लावलं होतं.”

“आणि हसली का?”

“उकडत होतं. पंखा लागला. हसली.”

यावर बारक्या जास्तच पेटला.

दुसऱ्या दिवशीपासून हा वाद शाफ्टमध्ये शिरला. ज्या ऑफिसांच्या इमारतीची देखभाल त्यांच्याकडे होती, तिथे दाजी टपावर आणि बारक्या मशीनरूममध्ये, आणि मधल्या सगळ्या मजल्यांवर लोक आपापली कामं करत बसलेले. शाफ्ट म्हणजे उभा भोंगाच. सहाव्या मजल्यावरच्या विमा ऑफिसात भिंतीतून आवाज यायला लागला.

“मेला म्हणजे मेला. वरून पडला तो मी या डोळ्यांनी बघितला.”

“तो टोप होता. अंग मिळालं का? अंग मिळाल्याशिवाय मेला कसं म्हणता?”

“एवढ्या उंचीवरून अंग काय शिल्लक राहतं?”

विमा ऑफिसातली सगळी माणसं त्या दिवशी जिन्याने घरी गेली. दुसऱ्या दिवशी पाचव्या आणि सातव्या मजल्यावरचीही जिन्याने जाऊ लागली. मग विमा ऑफिसच्या मोठ्या साहेबांनी लिफ्ट कंपनीच्या सुपरवायझर मॅडमना फोन करून अत्यंत सभ्य आवाजात विचारलं, की आपल्या लिफ्टमध्ये नक्की कोण मेलंय, आणि मृताचं अंग सध्या कुठे आहे.

मॅडमनी दोघांना झापलं, पण हसत. वाद तिथेच मिटायचा. तो मिटला नाही, कारण तो रात्रीच्या जेवणात येऊन बसला.

“आपण पुन्हा एकदा बघू,” बारक्या घास मोडत म्हणाला. “मी तुम्हाला पंख्याची सावली दाखवतो. सावली हलत नाही.”

“मला नाही बघायचा. संपला तो. चांगला संपला.” दाजी थकलेले होते, आणि दिवसभर टपावर वाकून त्यांची पाठ धरली होती. “तुझं काय आहे, बारक्या, तुला काही संपलेलं चालतच नाही. चिकटपट्टी संपली तरी तू तिचं रीळ फेकत नाहीस. चाळिशी उलटली, अजून बहिणीच्या हातचं गिळतोयस.”

ताईचा हात भांड्यातच थांबला.

बारक्याने हातातला घास ताटात ठेवला. “आणि तुम्हाला सगळं संपवायची घाई,” तो म्हणाला. “आधी तो संपवला. आता आम्हाला संपवा.” आणि तो माडीवर निघून गेला. त्याच्या वजनाने जिना नेहमीच वाजायचा. त्या दिवशी जरा जास्त वाजला.

“सिनेमातल्या माणसासाठी घरात भांडणं,” ताई दाजींना म्हणाली. “तो जगला असेल तर त्याला सांगा, येऊन भांडी घास.”

तेव्हापासून बोलणं बंद. बारक्या स्वतःच्या हाताने वर काहीतरी शिजवायचा. ते करपल्याचा वास खालपर्यंत यायचा आणि ताईच्या जिवाला लागायचा. निरोप तिच्यामार्फत जायचे. “ताई, दाजींना सांग, उद्या लवकर निघायचंय.” “अगं, त्याला सांग, मला माहीत आहे.” दोनचार दिवस तिने सोसलं आणि मग म्हणाली, “मी काय शाफ्ट आहे का?”

कामावर मात्र दोघं बोलायचे, पण फक्त मंत्रापुरतं. ‘गाडी खाली घे.’ ‘गाडी खाली घे.’ ‘बरोबर.’ बाकी चिडीचूप. ही चिडीचूप बघायला मॅडम एकदा अचानक आल्या, डबा खाताना दोघं दोन भिंतींकडे तोंड करून बसलेले त्यांनी बघितले, आणि त्यांचं हसू गेलं.

“हे मला चालणार नाही,” त्या म्हणाल्या. “भांडणारी जोडी परवडते, गप्प जोडी नाही. उद्या सकाळी मी येऊन काम बघते. जमत नसेल तर जोडी फोडते. दाजींना पलीकडच्या डेपोत पाठवते, आणि बारक्या, तुला हो-हो देते.”

बारक्याने अर्ध्या भरलेल्या डब्याला झाकण लावलं; आणि हे त्याच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं.

हो-हो हा कंपनीतला प्रसिद्ध इसम. त्याच्याशी कुणी बोलायला लागलं, की तो ‘हो हो’ म्हणायचा. वाक्य कशाबद्दल आहे याच्याशी त्या ‘हो हो’चा संबंध नसायचा. ‘खड्ड्यातून बाहेर आलास का?’ ‘हो हो.’ आणि हा आतच. त्याच्या आधीच्या जोडीदाराने या धसक्याने नोकरी सोडून फुलांचं दुकान टाकलं होतं. बारक्या रात्रभर कूस बदलत होता, म्हणजे खालच्या खोलीत ताईही जागी होती. उद्यापासून खाली हो-हो, आणि वर आपण. बटणावर आपलं बोट. तो खरंच बाहेर आलाय की नाही, हे कधीच कळणार नाही. आणि दाजी शहराच्या त्या टोकाला, दुसऱ्याच कुणाच्या ‘बरोबर’ची वाट बघत. एक वाक्य बोललं असतं तर सगळं वाचलं असतं. पण ते वाक्य कुणी आधी बोलायचं? सकाळी दोघं एकाच दारातून निघाले आणि रस्त्याच्या दोन कडांनी चालत कामावर पोचले.

आता इथे एक गोष्ट झाली होती. चौथ्या मजल्यावरच्या दाराचा एक स्क्रू ढिला होता. दार नीट लागलंय हे लिफ्टला ज्या कॉन्टॅक्टमुळे कळतं, त्याचा स्क्रू. आदल्या दिवशी दोघांनीही तो बघितला होता. आवळायचा दाजींनी, पण त्याआधी वरून वीज बंद करायची बारक्याने. एरवी दाजी सहज म्हणाले असते, ‘अरे, चौथ्याचं बघून टाकू.’ दाजी वाट बघत राहिले, बारक्याने विचारावं म्हणून. बारक्या वाट बघत राहिला, दाजींनी ओरडावं म्हणून. दिवस संपला आणि दोघं आपापल्या बाजूने घरी गेले. उस्तादांच्या मंत्रात ऐकलेलं परत म्हणायची सोय होती. न बोललेलं परत कसं म्हणणार?

मॅडम आल्या. बारक्या मशीनरूममध्ये गेला, दाजी खाली उभे राहिले. मॅडमनी लिफ्टने सगळे मजले बघितले, आणि उतरताना सातव्या मजल्यावर त्यांच्यासोबत एक गृहस्थ आत शिरले. तिथल्या दातांच्या दवाखान्यातून ते नुकतेच बाहेर पडले होते. अर्धं तोंड बधिर, गालात कापसाचा बोळा. गाडी पाचव्याला ठीक होती. चौथ्यावरून जाताना ढिल्या स्क्रूने मान टाकली. दिवा लुकलुकला आणि गाडी कमरेइतकी खाली जाऊन गप्प उभी राहिली.

“कुठे थांबली?” वरून बारक्याची हाक आली. हा प्रश्न म्हणजे गेल्या कित्येक दिवसांतलं त्याचं पहिलं जिवंत वाक्य होतं.

दाजी जिने चढून धापा टाकत चौथ्यावर पोचले. चावीने बाहेरचं दार सरकवलं. आतल्या दाराच्या फटीतून, त्यांच्या मांडीच्या उंचीवर, मॅडमचा चेहरा दिसला. तो चेहरा कॉन्टॅक्टकडे बघत होता.

“हा स्क्रू,” मॅडम म्हणाल्या.

“आधी तुम्हाला वर घेतो, मॅडम. मागे सरा, भिंतीला टेका.” दाजींनी मान वर केली. “मेन बंद कर.”

“मेन बंद कर.”

“बरोबर.”

वर खटका पडला. वीज गेली, की ब्रेकचा दांडा हाताने ओढून धरायचा आणि मोठं चाक हातानेच फिरवायचं. आतली माणसं दोनच, म्हणजे गाडी हलकी; दोराच्या दुसऱ्या टोकाला बांधलेलं वजन तिला आपणच वर ओढणार. अवघड काम फिरवण्याचं नव्हतं, आवरण्याचं होतं, आणि आवरायला बारक्यासारखा माणूस शोधून सापडला नसता.

“वीतभर वर.”

“वीतभर वर.”

“बरोबर.”

गाडी वीतभर वर आली. मॅडम दाजींच्या कमरेपर्यंत पोचल्या. बारक्याने दांडा सोडला, ब्रेक लागला.

“थांबा जरा,” मॅडम म्हणाल्या. “मी तशीही अडकलेच आहे. तुम्ही दोघं एवढं नीट काम करता, आणि एक स्क्रू आवळायला एकमेकांना हाक मारता येत नाही? कशावरून वाजलंय तुमचं? ऑफिसात कुणी म्हणतं वाटणीवरून, कुणी म्हणतं कुणीतरी मेलंय.”

“मेलंय,” दाजी उकिडवे बसत म्हणाले, “पण सिनेमात.”

“सिनेमात?”

“वादळवीर. तिसरा भाग.”

कापूसवाले गृहस्थ एकदम ताठ झाले. त्यांच्या तोंडून ‘हंऽ’ असा आवाज निघाला.

“फार काही नाही, मॅडम,” दाजी म्हणाले. आता त्यांना हे सगळं मोठ्याने सांगताना जरा लाज वाटत होती. पण लाज वाटली की माणूस मुद्दा अजूनच ठासून मांडतो. त्यांचा आवाज चढला. “मुद्दा एवढाच आहे, की पंखा चालू होता.”

शाफ्टमधून तो आवाज वर गेला. मशीनरूममध्ये बारक्या एक हात दांड्यावर, एक हात चाकावर ठेवून, सगळा जीव कानात आणून उभा होता. अर्ध्या आयुष्याची सवय. तो मोठ्याने, स्पष्ट ओरडला, “पंखा चालू होता.”

आणि दाजीही त्याच सवयीने, विचार न करता म्हणाले, “बरोबर.”

दोर हलत नव्हता. विमा ऑफिसातलं टंकनही थांबलेलं असावं.

आपण काय बोललो हे बारक्याच्या डोक्यात हळूहळू शिरलं. त्याने हातातलं चाक बघितलं, दांडा बघितला, जणू त्यांच्यापैकीच कुणीतरी फितुरी केली होती. “हे धरायचं नाही,” तो भोकातून ओरडला. “हे कामातलं नव्हतं.”

“हे धरायचं नाही,” दाजी सवयीने म्हणाले आणि त्यांनी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

मॅडम गाडीच्या भिंतीला टेकल्या होत्या. त्यांचे खांदे हलत होते.

वर बारक्याच्या डोक्यात प्रकाश पडला. मंत्र दोन्हीकडून चालतो. वरचा बोलला, तर खालच्यालाही परत म्हणावं लागतं. त्याशिवाय पुढचं पाऊल नाही. त्याने खाली वाकून, भोकाला तोंड लावून, एकेक शब्द सुटा करत हाक दिली, “तो. जिवंत. आहे.”

दाजी खिशातला पाना चाचपू लागले.

“ऐकू आलं का खाली?”

“आलं.”

“मग परत म्हणा. उस्ताद काय सांगून गेलेत?”

दाजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “हे कामातलं नाही.”

“पंखा कामातला होता?”

“अहो, म्हणून टाका ना,” मॅडम आतून म्हणाल्या. “मला ऑफिस गाठायचंय. आणि या गृहस्थांचा बधिरपणा उतरला तर त्यांचा दात दुखायला लागेल.”

दाजींनी एकदा मॅडमकडे बघितलं, एकदा अंधारात वर जाणाऱ्या दोरांकडे. या दोरांच्या वरच्या टोकाला कोण आहे, हे न बघता ते इतकी वर्षं खड्ड्यात उतरत आले होते. हा चाकावर आहे म्हणून शीळ घालता यायची. उद्या दुसऱ्या डेपोत वरून कोण परत म्हणेल, आणि काय म्हणेल, कोण जाणे.

“तो जिवंत आहे,” दाजी म्हणाले. मोठ्याने म्हणाले, सहाव्या मजल्यापर्यंत जाईल असं.

वर बारक्या भोकापाशी अजून खाली वाकला. “बरोबर.”

भिंतीपलीकडे विमा ऑफिसात कुणीतरी टाळी वाजवली.

याच वेळी कापूसवाल्या गृहस्थांचा धीर सुटला. ते पुढे आले, फटीतून बोट बाहेर काढून दाजींच्या नाकासमोर नाचवायला लागले. “नावं,” ते मोठ्या कष्टाने म्हणाले. “नावं शंपल्याव्.”

“नावं संपल्यावर?” मॅडमनी विचारलं.

गृहस्थांनी जोरजोराने मान हलवली. पडद्यावरची नावं संपल्यावर. पुढचं बधिर ओठांना झेपेना, म्हणून त्यांनी अंगठा हवेत पुढे नेऊन काहीतरी दाबलं आणि डोळे मोठे केले.

“काय म्हणतायत?” वरून बारक्या.

“नावं संपल्यावर अजून काहीतरी आहे म्हणतायत,” दाजी ओरडले. “अंगठ्याने काहीतरी दाबतायत. लिफ्टचं बटण असेल.”

“लिफ्ट? आपल्या सिनेमात लिफ्ट?”

“किंवा डोअरबेल.”

गृहस्थांनी निराशेने गालावर हात मारला. तो बधिर बाजूला लागला, त्यामुळे दुखलं नाही.

“आपण नावं बघितलीच नाहीत,” दाजी सावकाश म्हणाले.

“आपण नावं बघितलीच नाहीत,” वरून परत आलं. हे सवयीने आलं की मनातून, ते सांगता येणार नाही. “आपण जिन्यात भांडत होतो, दाजी.”

दाजी हा शब्द कित्येक दिवसांनी शाफ्टमधून खाली आला होता. दाजी उठून उभे राहिले. “चल, यांना वर घेऊ. हातभर वर.”

“हातभर वर.”

“बरोबर.”

गाडी चौथ्याच्या फरशीला अशी येऊन भिडली, की मधल्या फटीत कागद गेला नसता. मॅडम बाहेर आल्या, साडीची निरी झटकली, आणि बारक्या जिने उतरून धापा टाकत येईपर्यंत थांबल्या.

“पटत नसलेलं वाक्यसुद्धा शब्दाला शब्द परत म्हणणारी जोडी मला दुसरी कुठे मिळणार?” त्या म्हणाल्या. “आमच्या घरी पटलेलंही कुणी परत म्हणत नाही. राहू दे जोडी. हो-होला मी दुसरीकडे खपवते. पण स्क्रूचं मी विसरलेले नाही. आज सगळ्या मजल्यांचे सगळे स्क्रू, दोघांनी मिळून, आणि बोलत बोलत.”

“बोलत बोलत,” दोघं एकदम म्हणाले.

“बरोबर,” मॅडम म्हणाल्या आणि जिन्याने गेल्या.

पुढच्या सुट्टीला तिघं सिनेमाला गेले. ताई मधे बसली, कारण तिला खात्री नव्हती. वादळ आलं, टोप पडला, पडदा हलला. बारक्याने पंख्याची सावली बघितली; ती हलत नव्हती, की हलत होती, की त्याच्याच डोळ्यांत पाणी असल्यामुळे हलत होती, हे त्याला कळेना, आणि त्याने ते कुणाला सांगितलं नाही. मग नावं सुरू झाली. काय ती नावं. केस विंचरणाऱ्यांची, गाड्या हाकणाऱ्यांची, जेवण पुरवणाऱ्यांची. थिएटर रिकामं झालं. झाडूवाली बाई आत येऊन रांगांखालून कागद ओढायला लागली, आणि या तिघांना पाय वर घ्यायला लावून पुढे गेली.

आणि अगदी शेवटी पडदा पुन्हा उजळला. आईच्या खोलीतली भिंत. भिंतीवर एक बटण. बाजूने एक हात आला, फक्त हात, त्याने बटण दाबलं. खट. अंधार. संपलं.

तिघांनी वर घेतलेले पाय खाली ठेवले.

“बघितलंत?” बारक्या म्हणाला. “त्याने पंखा चालू केला. म्हणजे आधी बंद होता.”

“बंद केला,” दाजी म्हणाले. “म्हणजे आधी चालू होता. आणि हात म्हातारीचा होता.”

“म्हातारीच्या हातावर एवढे केस?”

“केस नव्हते, सावली होती.”

“अहो, ते दिव्याचं बटण असेल,” ताई म्हणाली. “निजायची वेळ झाली, दिवा मालवला.”

दोघांनी तिच्याकडे असं बघितलं, की तिने पर्स उचलली आणि ती पुढे चालायला लागली. मागे जिन्यात आवाज चढत होते. अंगठ्याची दिशा, खटक्याचा आवाज, कुठल्या देशात बटण वर केलं की चालू होतं आणि कुठल्या देशात खाली केलं की. फाटकापाशी ती थांबली आणि मागे वळली.

“येताना दूध घ्यायचंय,” ती म्हणाली.

वरून काहीच परत आलं नाही. तिने एक सुस्कारा सोडला आणि दूध आणायला ती स्वतःच गेली. परत आली तेव्हा दोघं थिएटरच्या खिडकीशी रांगेत उभे होते, पुढच्या खेळाची तिकिटं काढायला. आणि बारक्याने तिघांची मागितली होती.